मागचं फाटक

इकडे हिंदी मुलखात, दुर्गापुऱ्यातल्या माझ्या बालवाडीला दोन फाटकं. पुढचं रस्त्यावर, मागचं गल्लीत. मुलं स्टेशनकडून यायची आणि पुढच्या फाटकातून आत शिरायची. त्या फाटकाच्या पुढे, गल्लीच्या कोपऱ्याआधी, हाकेच्या अंतरावर, शाळेच्या जागामालकाने बार काढायचं ठरवलं. शाळेजवळ बारला परवाना मिळत नाही म्हटल्यावर पठ्ठ्याने बार हलवला नाही, माझ्या पुढच्या फाटकालाच कुलूप घातलं.

परवान्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी मग मागच्या फाटकापासून टेप धरला. गल्ली, कोपरा, रस्ता असा वळसा घालून अंतर बरोब्बर नियमात बसवलं. मी भांडले. "मॅडम, नाप फाटक से फाटक का होता है," एवढं बोलून ते सही करून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे दिलीप बँकेतून रिटायर झालेले, उभी हयात नियमात गेलेली. जागा भाड्याची आहे, सबुरीने घे, म्हणाले. सबुरीने घेतलं म्हणूनच ही वेळ आली, असं त्यांनाही सुनावलं.

आता गंमत बघा. पूर्वी मुलं बारपर्यंत पोचतच नव्हती. आता गल्लीकडे वळायचं तर बारच्या दारावरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. दुपारी शाळा सुटते तेव्हा बार उघडलेला असतो. परवा चार वर्षांचा संकल्प एका झिंगलेल्या माणसाला धडकला, तर त्याने पोराला आईवरून शिवी हासडली. संकल्पची आई हर्षाली, नवरा फौजेत. ती म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण सोमवारपासून मी नाही पाठवणार त्याला." तिच्यामागून आणखी आया तेच म्हणाल्या. राग कसला मानू? त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. पण मुलंच नसली तर शाळा कसली?

साहेबांकडे गेले. रस्ता सरकारी आहे, त्यावरून कोणीही चालेल, असं उत्तर मिळालं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आयांना थांबवून घेतलं, मुलांना बारच्या दारालगत फुटपाथवर बसवलं आणि गाणी सुरू केली. गिऱ्हाइकं दुरूनच मागे फिरली. तासाभरात मालकाने पोलीस बोलावले. हवालदाराने बारकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला विचारलं, "मॅडम, प्रोग्राम की परमिशन है?"

"नाही," मी म्हणाले. "ठाण्यात न्यायचं तर सगळ्यांना न्या. फक्त रस्ता ओलांडताना प्रत्येकाचा हात धरा."