माझ्या बुचातून गळलेला थेंब

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला उलटी टांगलेली ती तांबडी रबरी पिशवी पाहिलीत? तीच मी. शेकायची जुनी पिशवी. माझ्या पोटात गरम पाणी भरायचे, बूच आवळायचे आणि दुखेल तिथे मला टेकवायचे, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कारखान्यातला. दोन साच्यांच्या मिठीतून बाहेर आले तेव्हा अंगभर बारीक रेघा उमटल्या होत्या. तिथल्या एका बाईने माझ्यात हवा भरली आणि मला पाण्याच्या टाकीत बुडवले. एकही बुडबुडा येईना, तेव्हा माझी पाठ थोपटून ती म्हणाली, "टिकेल ही." तिचा तो शब्द मी आजवर जपत आले.

तिथून मी आले ती एका इस्त्रीवालीच्या घरी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात दिवसभर ओल्या कापडावर चर्र आवाज उठायचा आणि कोऱ्या घड्यांचा उबदार वास मागच्या खोल्यांपर्यंत यायचा. गिऱ्हाइके तिला मावशी म्हणत, तिची लेक आई म्हणे, म्हणून मीही मनातल्या मनात आईच म्हणू लागले. उबेवर आईचा फार जीव. चुरगळलेली बाही असो की अवघडलेली मान, तिचे एकच म्हणणे असे, "ऊब दिली की सगळं सरळ होतं."

लेकीचे नाव चिमणी पडले होते, कारण ती झोपेतसुद्धा चिवचिवायची. चिमणीचे पोट दुखले की मी. कान ठणकला की कानाशी मी. कधी काही दुखत नसले तरी ती मला पांघरुणात ओढून घ्यायची, "माझी तांबडी" म्हणायची. तेवढ्याने माझे रबर मऊ व्हायचे.

चिमणी मोठी झाली. वयात येताना तिच्या छातीची एक बाजू भरली आणि दुसरी मागेच राहिली. असे कितीतरी मुलींचे होते, त्यात दोष कुणाचाच नसतो. पण कपडे नीट बसेनात. आईने तोंडातून चकार शब्द न काढता लेकीच्या प्रत्येक कपड्यात एका बाजूला कापसाची इवलीशी गादी शिवायला घेतली. टाका असा बारीक, की शोधून सापडू नये. तरी चिमणीचे खांदे पुढे झुकले ते झुकलेच. पुढे ती वाचनालयात कामाला लागली. तिथे सदानकदा एखादे जाडजूड पुस्तक छातीशी कवटाळून फिरायची. लोक म्हणत, पोरीला काय वाचनाचे वेड!

इकडे माझेही दिवस फिरले. घरात विजेची शेकपट्टी आली. बटण दाबले की गरम. माझ्या बुचातली चकती कडक होऊन गेली होती आणि कितीही आवळले तरी थेंब गळे. "म्हातारीच्या तोंडातून लाळ गळते," असे चिमणी एकदा हसत म्हणाली. राग नाही आला मला. खरेच होते ते. मी खिळ्यावर गेले.

मग एक दिवस चिमणी दुकानात आईसमोर उभी राहिली. "आई, मी ऑपरेशन करून घेतेय. दोन्ही बाजू सारख्या करतात."

"धडधाकट अंगाला सुरी लावून घेणार? मी शिवलेलं आजवर कुणाला कळलं तरी का गं?"

"मला कळत होतं ना, आई."

त्या दिवशी एकाच शर्टावरून आई कितीतरी वेळ इस्त्री फिरवत राहिली.

ऑपरेशन झाले. चिमणी घरी आली ती पावले मोजून टाकत, छातीला आधाराची घट्ट ब्रा, चेहरा उतरलेला. आणि सूज आली. सूजच ती, दोन्हीकडे सारखी कशी येणार? एक बाजू टम्म, दुसरी जरा कमी. दुपारी आरशापुढे उभी राहून चिमणी हमसून हमसून रडू लागली. "परत वाकडंच, आई. एवढं सगळं करून परत तेच!"

मित्रांनो, "मी सांगत होते" हे शब्द आईच्या अगदी ओठांवर आले असतील. तिने ते गिळले. तडक दाराआड आली आणि मला खिळ्यावरून काढले. "विजेचं काही टाक्यांजवळ नको. माझी जुनी पिशवीच बरी," असे पुटपुटत तिने पाणी तापवले, मला भरले, तळव्याने चाचपले. पण तो तळवा वर्षानुवर्षे इस्त्रीने भाजून राठ झालेला. त्याला कढत पाणीही कोमटच वाटायचे.

"गरम चालतं का पण? दवाखान्यात काहीतरी सांगत होते..."

"अगं, शेकल्याशिवाय सूज उतरते का कधी? टेक जरा."

चिमणीने आईकडे पाहिले. ऑपरेशन ठरल्यापासून आई दुरूनच औषध-पाणी देत होती. आज पहिल्यांदा एवढी जवळ बसली होती. चिमणीने पाठ टेकली.

आईने मला ब्रावरून त्या सुजलेल्या बाजूवर ठेवले. माझा चटका लागला की माणूस अंग चोरतो, हे मला जन्मभराचे ठाऊक. चिमणी हललीच नाही. ऑपरेशनने तिथली कातडी बधिर केली होती. तिला गरम कळत नव्हते, आईच्या हाताला कळत नव्हते, ते मला एकटीला कळत होते. आणि मला तर वाचा नाही! काय करावे? मी काही केले नाही. माझ्या बुचातून नेहमीसारखा थेंब गळला आणि टपकन चिमणीच्या मनगटावर पडला.

"आई गं! पोळते की ही!"

"काहीतरीच. कोमट तर आहे."

"मनगटाला पोळलं, आई. आणि इथं... इथं मला कळतच नाहीये."

आईने मला हिसकून काढले. ब्रा जराशी सैल करून पाहिले. कातडीला काही झाले नव्हते. तरी तिने मला लांब जमिनीवर ठेवले. चिमणीने तसाच दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला आणि आईलाही ऐकू जावे म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"एक बाजू अचानक फुगलीय का? टणक, लाल, खूप दुखतेय? ताप?" सिस्टरनी आधी हेच विचारले.

"नाही. घरी आले तेव्हापासून एवढीच आहे."

"मग घाबरू नका. दोन्ही बाजू आपापल्या चालीनं बऱ्या होतात. सूज उतरायला आठवडे लागतात, नीट आकार यायला महिने. पण आत्ता विचारलं त्यातलं काही दिसलं तर तडक या, फोनवर वेळ घालवू नका. आणि शेकायचं अजिबात नाही. बर्फही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बधिर कातडीला दोन्ही पोळतात."

"मग मी करू तरी काय, सिस्टर?" आईचा आवाज रडवेला झाला होता.

"पुष्कळ आहे की! पाठीवरच झोपवा, डोकं-छाती उंचावर. आधाराची ब्रा सांगितलीय तशी घालायची. मीठ कमी, पाणी भरपूर, घरातल्या घरात फेऱ्या. हात डोक्यावर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही. काय करता तुम्ही, मावशी?"

"इस्त्री."

"मग कपड्यांना करा, पेशंटला नको."

आई रडता रडता हसली, आणि मग कामाला लागली. दुकानातल्या स्वच्छ चादरी आणून एकावर एक घड्या रचू लागली, खाली रुंद, वर निमुळत्या. उशा घसरतात, पण आईची घडी घसरत नाही! लेकीची पाठ टेकेल असा उतार तिने रचला, आणि रचता रचता गुणगुणली,

"घडीवर घडी बाई, चादरींचा केला घाट,
लेक टेकली उंचाला, सूज धरी गावची वाट."

"आई, हे कुठलं गाणं?"

"आत्ताच झालंय. टेक."

भाजीतले मीठ गेले तशी चिमणी कुरकुरली, "दवाखान्यातलं जेवण बरं होतं गं." आईने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. वेणीही आईच घाली. सूज मात्र उतरली ती हट्टी पाहुण्यासारखी, उठते उठते म्हणत पुन्हा बसत. चिमणी आरशाशी गेली की आई लांबूनच म्हणे, "आज सुजेला विचारू नकोस, तिचं तिला जाऊ दे."

डॉक्टरांनी कामावर जायची मोकळीक दिली, त्या सकाळी चिमणी दुकानातून बाहेर पडली. खांदे मागे, मान वर. दोन्ही बाजू अगदी मापून घेतल्यासारख्या नव्हत्या, पण तिचे दोन्ही हात मोकळे होते. छातीशी काहीही धरलेले नव्हते. आई इस्त्री उभी करून, कोपऱ्यावर ती वळेपर्यंत पाहत राहिली.

मग ती आत आली. कपाटातले लेकीचे जुने कपडे काढून एकेक गादी उसवली. बारीक टाके तिचे तिलाच सापडेनात! तो सगळा कापूस गोळा करून तिने मला जाड खोळ शिवली. बुचाला नवी चकती बसवली.

आता आईची पाठ दुखली की चिमणी मला भरते, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते आणि विचारते, "आई, शेकू का? फार नाही ना गरम?" त्या कापसातून जाणारी ऊब कुणाला पोळत नाही.

मित्रांनो, मागणे माझे थोडेच. काम झाले की मला रिकामी करा, बूच काढून उलटी टांगा, आत ओल राहिली की मी कुजते. आणि आपल्या माणसाला ऊब द्यायला निघालात तर धावत जा, पण टेकवण्याआधी क्षणभर थांबून त्याला विचारा. माझ्या बुचाला नवी चकती आहे. आता सावध करणारा थेंब गळणार नाही.