आजाऱ्यांची यादी

रविवारची उपासना फोनवरून थेट दाखवायची ही टूम माझीच. पाळकसाहेब आधी नको-नको म्हणत होते. लोक घरी लोळत प्रार्थना करतील म्हणे. करू देत की, मी म्हटलं, इथं बाकावर डुलक्या काढतातच ना! शेवटी मी तीन पायांचा स्टँड आणून शेवटच्या बाकामागे उभा केला, आणि चौतीस वर्षं शिवणयंत्रामागे बसलेली मी कॅमेऱ्यामागे जाऊन बसले.

खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. माझी लेक परदेशी असते. चार वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, मागोमाग दुसरं. तेव्हापासून तिनं चर्चचं नाव टाकलं. "तुझा देव तुझ्यापाशी ठेव," म्हणाली. मी दर रविवारी लिंक पाठवायचे, ती उघडूनही बघायची नाही.

आणि आज, दुसरं गीत चालू असताना, फोनच्या पडद्यावर तिचा संदेश उमटला, "आई, आलेय गं. पाचच मिनिटं."

माझे डोळे भरून आले, आणि लगेच पुढचं आठवलं. गीतानंतर आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. आमच्याकडे ती मोघम होत नाही. नाव, आजार, ऑपरेशनचा वार, सगळं साग्रसंगीत. आज यादीत मी होते. पोटात गाठ, मंगळवारी ऑपरेशन. शुक्रवारी पाळकबाईंना मीच सांगून बसले होते. लेकीला मात्र पत्ता लागू दिला नव्हता. तिला सातवा महिना चालू होता, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचीही बंदी केली होती.

गीत संपलं. पाळकसाहेबांनी खिशातून कागद काढला. मी बसल्या जागेवरून हातवारे केले, मानेनं नाही-नाही म्हटलं, ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, समजूतदारपणे मान हलवली आणि माइक आणखी तोंडाजवळ घेतला. आवाज पोचत नाहीये असं वाटलं असणार. एरवी हुशार माणूस, पण ऐन वेळी अशी माती खातो!

पहिला सुताराचा गुडघा झाला, मग पोस्टमनची आई. तिसरी मी. घाईघाईनं बटण शोधलं. मी आवाज बंद केला.

"आई, आवाज गेला," लेकीनं लिहिलं.

"दुरुस्त करते," मी लिहिलं आणि हुश्श केलं. वर पाहिलं तर अख्खी मंडळी वळत होती.

ही आमची रीत. आजारी माणूस हजर असेल, तर त्याच्याकडे तोंड करून सगळे हात पुढे करतात. सुतार आणि पोस्टमनची आई घरी होते, म्हणून आधी कुणी वळलं नव्हतं. आता साठ-सत्तर माणसं माझ्याकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे, तोंड करून उभी होती. डोळे मिटलेले, हात लांब केलेले. पुढच्या बाकावरची दाईबाई तर रडत होती. चित्रही बंद करावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मूर्ख बाई मी!

मी पडद्यावर नजर लावून बसले. मग आलं, "हे सगळे तुझ्याकडे हात का करतायत?"

"असंच," एवढं टाइप केलं आणि खोडलं. पुन्हा टाइप केलं. तिला काही झालं तर, त्या लेकराला काही झालं तर, हेच डोक्यात घोळत होतं. तोवर तिचाच संदेश आला.

"आवाज लाव. काय झालंय ते मला पाळकांच्या तोंडून ऐकायचंय, तू खोटं सांगशील. मी आडवीच आहे, घाबरू नकोस. एवढं लिहून मीही डोळे मिटते."

मी आवाज लावला. पाळकसाहेब अजून माझ्या गाठीपाशीच होते. थोडक्यात आटपायची त्यांना सवय नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.