निळीचा चौकोन

चौकोनाची खालची कड वाकडी होती... नाही, वाकडी नव्हती, ती जागेवरच नव्हती. ओटीवर दुपारची डुलकी काढून लवू उठला आणि लेंगा वर सरकवल्यावर त्याला आधी एवढंच दिसलं, की पोटरीवरचा चौकोन काल जांभळा होता नि आज निळा आहे.

परळच्या इस्पितळात तो पट्टीने मोजून काढला होता. विजेचा शेक ह्या रेघांच्या आतच द्यायचा. तेव्हा पंचवीस शेक पुरे होईपर्यंत रेघा पुसायच्या नाहीत, पाणी लावायचं नाही, तेल तर मुळीच नाही – डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. नऊ शेक झाले होते. आज रविवार, सुट्टी. उद्या दहावा – आणि दहाव्याला जायचंच नाही, असं लवूने सकाळी चूळ भरता भरता ठरवून टाकलं होतं. कुणालाही न सांगता.

काय मिळणार होतं जाऊन? तेवीस वर्षांचं वय, आणि कॅन्सर असा, की मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना मुद्दाम बोलावून दाखवला – नीट बघून घ्या, अशी गाठ वर्षानुवर्षं दिसत नाही. दहा-बारा डोकी पोटरीवर वाकली. चेहऱ्याकडे एकानेही बघितलं नाही. अरे, मी वर होतो ना, तिथेच, त्याच पायाच्या वरच्या टोकाला! पाय वाचेल का, जीव वाचेल का, विचारलं तर म्हणाले, शेक पुरे होऊ देत, मग बघू. बघू... तोवर कातडी भाजत राहायची, अन्न उलटत राहायचं.

आणि समोर मिठागरात तुडवणं चाललेलं. पाऊस सरला की वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, तेव्हा कुठे वर पांढरं मीठ धरतं. आणि वाफ्यात उतरण्याआधी प्रत्येकाने गुडघ्यापर्यंत पाय धुवायचे, नाहीतर मीठ काळवंडतं. लवूचे वडील, नाथा मुकादम, ह्याबाबतीत कुणाची गय करत नसत. एकदा खुद्द शेठला त्यांनी बांधावर उभं करून पाय धुवायला लावले होते. मग लेकाला कसे सोडतील? गेल्या साली रांगेत मधोमध असणारा लवू यंदा ओटीवरून पावलांचे आवाज ऐकत बसला होता. ज्याला पाय धुता येत नाहीत, तो कसला मिठागरातला!

झोपेत काहीतरी थंड लागलं होतं, हे त्याला आता आठवलं. बोट लावून पाहिलं. खोबरेल.

उंबऱ्यात आई बसली होती, निळीने माखलेली बोटं पदरात लपवून. कपड्यांना नीळ घालायची वाटी अजून शेजारीच होती, वाटीत काडेपेटीतली काडी.

"आय, ह्ये काय?"

"तेल लावलं रं. भाजलेलं बघवत न्हवतं मला." ती खालीच बघत होती. "तर रेघाच निघून आल्या."

मग ती घाबरली होती, आणि चौकोनाच्या आतली कातडी शेकाने काळी पडली होती तिच्या कडेकडेने काडीने निळीच्या नवीन रेघा ओढत गेली होती. जन्म वाफ्यांच्या कडा धरण्यात गेलेला. तीन बाजू अगदी सुतात होत्या. चौथीचं तिने अडखळत सांगितलं.

"खाली येक बोट ज्यादा घेतलं. म्हनलं, तिकडं काय लपलं असंल तर सुटाया नको."

लवूला हसू फुटलं. किती दिवसांनी – त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि हसता हसता मनात आलं, ही बाई झोपलेल्या लेकाच्या पायाशी श्वास रोखून बसली असेल... आणि मी? मी सगळं सोडून बसलो होतो.

डाक्टर ओरडंल काय, तिने विचारलं.

"वरडू दे. मी सांगन, उद्या गेल्याव, घामानं पुसलं म्हनून."

बोलून गेला, आणि थबकला. उद्या गेल्यावर.

तो उठला. बांधावर जाऊन त्याने डावा पाय गुडघ्यापर्यंत घासून धुतला, चौकोनाचा उजवा लांब कोरडा ठेवला, आणि बांधावर बसून तो एकच पाय वाफ्यात टेकवला. नाथा मुकादमांनी पायाकडे निरखून बघितलं आणि रांग पुढे नेली. चिखल गार होता, बोटांमधून वर येत होता. तळ अजून मऊ, पुष्कळ तुडवायला लागणार होता. भीती गेली नव्हती. ती पोटात होती तिथेच होती, पण तिला आता जरा सरकून बसावं लागलं होतं.

उद्या डॉक्टर ह्या निळ्या रेघा पुसतील, पट्टी लावून नव्या काढतील. काढू देत. पण पुसायच्या आधी त्यांचा हात धरायचा... घाम-बिम नाही, खरंच सांगायचं, की ही खालची कड माझ्या आईने काढली, एक बोट जास्त. तेव्हा तरी त्यांना मान वर करून माझ्याकडे बघावंच लागेल.