उजव्या पायाचा दोष

गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिले नाही. विसरलो म्हणावे, तर तेही खरे नाही. पत्र टेबलाच्या वरच्या खणात होते. चष्म्यासाठी खण उघडला की रोज दिसायचे. मी चष्मा घेई आणि खण लोटून देई.

पत्र एका ड्रायव्हरचे होते. नऊ वर्षे तो एकाच घरी नोकरीला होता. त्या घरची गाडी सात माणसांची, उंच, दोन टनांवर वजनाची. पूर्वी ती लिटरला साडेदहा किलोमीटर जायची, आता नऊच्या वर जाईना. "सर," त्याने लिहिले होते, "टायरमधली हवा मी दर सोमवारी बघतो. एअर फिल्टर बदलला. टपावरचं कॅरियर काढून ठेवलं. सिग्नलला इंजिन बंद करतो. तरी आकडा हलत नाही. साहेबांनी तुमचं इंधनबचतीचं पुस्तक आणलंय. पान बेचाळीस त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. डिझेल काढून विकतोस का, असं ते तोंडाने म्हणाले नाहीत, पण हल्ली टाकी भरताना स्वतः येऊन उभे राहतात. उन्हाळ्यापर्यंत सुधारणा नाही झाली तर दुसरा माणूस बघणार म्हणतात. माझं कुठे चुकतं, तेवढं सांगा."

त्या पानावर मी वजन, वारा, वेग, टायरमधली हवा असे सगळे सांगून झाल्यावर शेवटी लिहिले होते : 'एवढे करूनही फरक पडला नाही, तर दोष चालकाच्या उजव्या पायात आहे, असे खुशाल समजावे.' लिहिले तेव्हा त्या वाक्यावर मी बेहद्द खूश होतो. वाहन-प्रशिक्षण संस्थेत मी ग्रंथपाल होतो. अठरा पुस्तके वाचून हे एकोणिसावे तयार केले. गाडी मात्र जन्मात चालवली नाही. क्लच कोणत्या पायाने दाबतात, हे मला आजही क्षणभर आठवावे लागते. अशा माणसाने नऊ वर्षे स्टिअरिंग धरलेल्याला काय शिकवायचे? आणि 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द लिहायचे धैर्यही झाले नाही. उन्हाळा आला, गेला.

परवा मुलगी मला चार दिवस तिच्याकडे न्यायला आली. तिने नुकतीच जुनी गाडी घेतली आहे, पत्रातल्यासारखीच, त्याच कंपनीची.

"बाबा, पिशवीत काय भरलंय? विटा?"

"चारच पुस्तकं आहेत."

"आधीच ही बया डिझेल पिते. त्यात तुमचं वाचनालय!"

वाटेत तिने टाकी भरली, मीटर शून्यावर आणला आणि आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. हाती पुस्तक नसले की मी समोर दिसेल ते वाचतो. त्या दिवशी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचत होतो. दहा दगड मागे गेले तेव्हा मीटरकडे सहज नजर गेली. नऊ पूर्णांक तीन. आपणच एखादा दगड दोनदा मोजला असेल, असे वाटले. पुढचे दहा बोटांवर मोजले. पुन्हा नऊ पूर्णांक तीनच वाढले. तिसऱ्या खेपेला मात्र राहवेना.

"तुझा मीटर मागे पडतोय का गं?"

"दगडसुद्धा सोडत नाही तुम्ही!" ती हसली. पण तिसाव्या दगडाला मीटरवर अठ्ठावीससुद्धा झाले नव्हते, हे तिने स्वतः पाहिले आणि पहिल्या टायरच्या दुकानापाशी गाडी थांबवली.

टायरवाल्याने मीटरकडे पाहिलेही नाही. चाकापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मूळचे टायर नाहीत हे. कुणीतरी रुबाबासाठी मोठे घातलेत."

"त्याचा मीटरशी काय संबंध?" मी भीत भीत विचारले.

"काका, मीटर बिचारा चाकाच्या फेऱ्या मोजतो. त्याला काय ठाऊक चाक बदललं? मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं. गाडी दहा जाते, तो सव्वानऊ सांगतो."

"म्हणजे अ‍ॅव्हरेज कमी दिसतं?"

"दिसतं. थोडं घटतंही, टायर जड असतात ना. पण दिसतं तितकं नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात कशाला शोधताय? आम्ही गिऱ्हाइकाला तोंडाने सांगतो. ऐकतंय कोण!"

मी टायरवरचे आकडे कागदावर उतरवले आणि मुलीला गाडी माघारी घ्यायला सांगितली. माझा चेहरा पाहून तिने वाद घातला नाही.

घरी येऊन पत्र उघडले. गाडीच्या माहितीत त्याने टायरचे माप दिले होते, आकडे तेच. पुढे त्याने लिहिले होते, 'साहेबांनी गेल्या वर्षी हौसेने मोठे टायर बसवले, गाडी आता झोकात दिसते.' ही ओळ मी किती वेळा वाचली असेन! नुसती वाचली.

"खाली नंबर आहे, फोन करा," मुलगी म्हणाली.

"साहेबांनी माझं छापील वाक्य त्याच्यासमोर धरलंय. त्यालाही समोर धरायला कागदच लागेल."

"आणि त्याला काढून टाकलं असेल तर?"

"तर पुढच्या दारात विचारतीलच, आधीचं घर का सुटलं म्हणून."

मी पहिला कच्चा खर्डा तिला दाखवला. तिने कपाळाला हात लावला. "बाबा, दीड पान झालं, नुसते तुम्हीच तुम्ही! क्षमस्व, अल्पबुद्धी, वार्धक्य... टायर कुठायत?"

तिसऱ्या खर्ड्यात टायर आले. 'तुमचे नऊ म्हणजे खरे पावणेदहाच्या आसपास आहेत. तुटीतली जवळजवळ निम्मी तूट गाडीला आलेलीच नाही. मीटरने अंतर कमी मोजले. उरलेली बरीचशी टायरच्या वजनाची असावी, पण ती किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. साहेबांना मीटर शून्यावर आणून दहा दगड मोजायला सांगा. बेचाळिसाव्या पानावरचे शेवटचे वाक्य चूक आहे. ते मी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाही, माझ्या मनाचे आहे. तुमचे काहीही चुकलेले नाही. हे पत्र यायला उशीर झाला, तो मात्र माझा दोष.'

तेच सगळे दुसऱ्या कागदावर साहेबांसाठी लिहून काढले. ड्रायव्हरच्या पाकिटावर 'तेथे नसल्यास नव्या पत्त्यावर पाठवावे' असे लिहिले आणि दोन पाकिटे घेऊन आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पत्ते पाहिले.

"दोन्ही एकाच घरी? मग एकाच पाकिटात घाला की."

"नको," मी म्हणालो. "दोघांच्या हातात वेगवेगळी पडू देत."

त्यांनी खांदे उडवले आणि दोन्हींवर शिक्के मारले.