पुस्तकाला लागलेला मुरंबा

वर्षाचा असताना आपण पुस्तक उचललं होतं, ही गोष्ट कामेनला आठवत नव्हती, पण पाठ होती. मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्यांच्या गावात घरची बाई गोल पाव भाजते आणि दारापासून अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून तो घरंगळत सोडते. पावामागून लुटुलुटु आलेलं मूल टोकाच्या बुटक्या मेजावरची जी वस्तू उचलेल, तो त्याचा पुढचा धंदा. कामेनच्या घराण्यात मुलगे पिढ्यान्‌पिढ्या हातोडा उचलत आणि गवंडी होत. कामेनने पुस्तक उचललं. त्यानंतर कुणी त्याच्या हातात थापी दिली नाही. तो दुपारी लोळत पडला तरी ‘वाचून दमला असेल’ म्हणून बायका हळू बोलत.

आता तो प्लोव्हदिव्हला विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत होता. घरची माणसं मुलाच्या मनात त्याच्या नकळत काय काय पेरून ठेवतात, यावरचं त्याचं व्याख्यान गाजलेलं होतं. स्वतःचं उदाहरण तो त्यात अपवाद म्हणून देई.

आज त्याच्या वर्षाच्या लेकीचा, लोराचा पाव होता, आणि त्याने अट घातली होती. कुणी हाका मारायच्या नाहीत, खुणावायचं नाही. तिची निवड तिचीच असली पाहिजे.

‘‘प्रोफेसर, हा समारंभ आहे की कोर्टाची तारीख?’’ गांचो काकाने विचारलं.

कामेनने लक्ष दिलं नाही. मेजावर कात्री, डाव, हातोडा, चेंडू आणि पुस्तक मांडून तो पट्टीने मधली अंतरं मोजत होता. त्याची आई स्तोयना पाव घेऊन आली.

‘‘मोज, मोज. तुझ्या आजीने असलं काही मोजलं नव्हतं. तिने आपला पुस्तकाला मुरंबा फासला होता.’’

‘‘कसला मुरंबा?’’

‘‘आलुबुखाराचा. दुसरा होता कुठे घरात?’’

पट्टी जागच्या जागी राहिली. ‘‘म्हणजे आजीने फसवलं?’’

‘‘फसवलं कसलं? तुझे आजोबा छपरावरून पडून गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. या घरातला माणूस पुन्हा छपरावर चढायचा नाही, एवढं तिने ठरवलं. तिला बिचारीला सहीसुद्धा येत नव्हती. पण पुस्तकवाली माणसं जमिनीवर राहतात, हे तिने पाहिलेलं होतं.’’

‘‘आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?’’

‘‘सगळ्या गावाला ठाऊक होतं. तू ते आधी चाटलंस रे, उचललंस नंतर. पण आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि एकदा टाळ्या वाजवल्या की खरं धरूनच चालावं लागतं.’’

कामेन मेजाशीच खाली बसला. राग यावा अशी त्याची फार इच्छा होती, पण आलं ते कौतुक. जे सांगायला त्याला जाडजूड प्रबंध लिहावा लागला, ते आजीने बोटभर मुरंब्यात करून दाखवलं होतं, आणि सगळं श्रेय नातवाला देऊन ती मोकळी झाली होती.

मग त्याने आईच्या बोटांकडे पाहिलं.

‘‘मी काही लावलेलं नाही,’’ आई म्हणाली. जरा जास्तच चटकन म्हणाली.

कामेनने ओलं फडकं आणलं. कात्री पुसली, डाव पुसला, हातोडा, चेंडू पुसला, पुस्तक तर दोनदा पुसलं. दारात त्याची बायको कालिना लोराचं बोट धरून उभी होती. लोरा डोळे मोठे करून बघत होती. बापाला इतकं मन लावून घरकाम करताना तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

‘‘पुरे आता,’’ कालिना म्हणाली. ‘‘ती झोपून जाईल उभ्या उभ्या.’’

पाव घरंगळला. लोरा निघाली, मध्येच बसली, उठली. कुणी हाक मारली नाही. गांचो काकाने तर खबरदारी म्हणून दोन्ही हात खिशात घातले होते. मेजाशी पोचल्यावर तिने ना कात्रीकडे पाहिलं, ना पुस्तकाकडे. कडेला कामेन विसरलेलं ओलं फडकं तिने उचललं, आणि कपाळाला थेट बापासारखी आठी घालून ती मेज पुसू लागली.



‘‘मोलकरीण,’’ गांचो काका पुटपुटला.

‘‘तोंड आवरा, भाऊजी,’’ स्तोयना म्हणाली.

हे निव्वळ अनुकरण आहे, याला काहीही अर्थ नसतो, असं सांगायला कामेनने तोंड उघडलं. तेवढ्यात लोराने फडकं वर धरून त्याच्याकडे पाहिलं. तिच्यामागे सगळं घर त्याच्याकडेच पाहत होतं.

‘‘सर्जन,’’ कामेन म्हणाला. ‘‘बघा ना, आधी जागा स्वच्छ करून घेतेय.’’

आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली.