दोन मिनिटांचा फोन

“नागेंद्रराव, पुन्हा लाल झालंय,” मृदुला मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

पडद्यावर एक आडवी पट्टी होती. महिन्याच्या सुरुवातीला ती हिरवी असायची, पुढे पिवळी व्हायची. आज बावीस तारीखच होती आणि पट्टी शेवटाला टेकली होती. सरस्वतीपुरमच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटना तारखेची आठवण करणारं सॉफ्टवेअर येऊन दीड वर्ष झालं होतं. त्याच्या प्लॅनमध्ये महिन्याला ठरावीक कामं मिळायची. मेसेज गेला की एक काम, फोन गेला की मिनिटाला पाच. कामं संपली की ते सॉफ्टवेअर कुणाला न सांगता गप्प बसायचं. पुन्हा बोलतं करायचं तर अ‍ॅड-ऑन पॅक घ्यायचा, आणि तो मूळ प्लॅनपेक्षा महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत.

मॅडम नाशिकच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आलेल्या. बाई वाईट नव्हत्या. मालकांनी त्यांना बजावलं होतं की पॅक मिळणार नाही, आणि त्यांनी तेच नागेंद्रला सांगितलं. कुठे काटछाट करायची ते तुम्हीच ठरवा, पेशंट तुमच्या ओळखीचे आहेत, असंही म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं.

नागेंद्र अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्यातली सव्वीस वर्षं त्याने याच काउंटरवर काढली होती. आजोबा कापड रंगवायचे. रंगाच्या भट्ट्या विझल्यावर घरातला जो तो मिळेल त्या धंद्याला लागला, आणि नागेंद्रच्या वाट्याला दवाखान्याचं रजिस्टर आलं. रोज दुपारी जेवण झालं की तो दुसऱ्या दिवशीच्या पेशंटना एकेक करून फोन लावायचा. कोण आलं नाही, हे त्याला घरी पानावर बसल्यावरही आठवायचं. सॉफ्टवेअर आलं तेव्हा आता आपली गच्छंती, अशी त्याने मनाची तयारी केली होती. पण झालं उलटंच. ते सांभाळायला त्यालाच बसवलं आणि त्याचाच आवाज रेकॉर्ड करून घेतला, कन्नडमध्ये, आणि जुन्या मराठी घरांसाठी मराठीत. “नमस्कार. मी नागेंद्र, दवाखान्यातून. उद्या तुमची तपासणी आहे. येणार असाल तर एक दाबा.” घरी त्याने ते बायकोला दोनदा ऐकवलं होतं.

आता कात्री लावायची होती. आले नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी जाणारा फोन त्याने आधी बंद केला. कोण आलं नाही, हे आता यंत्रातच राहायचं, त्याच्या नजरेला पडायचं नाही. मग आठवडाभर आधीचे मेसेज गेले. तरी आकडा बसेना, तेव्हा त्याने फोनची यादी उघडली आणि जास्त खाणारे नंबर वर आणले. सगळ्यात वर येलवालचा एक नंबर होता. रेकॉर्डिंग सगळं मिळून पंधरा सेकंदांचं, पण हा नंबर दर महिन्याला पुरती दोन मिनिटं घ्यायचा. पलीकडचं माणूस ना एक दाबायचं, ना फोन ठेवायचं. यंत्र आपलं वाट बघत बसायचं आणि दोन मिनिटं झाली की लाइन तोडायचं.

नंबर इंदिराबाईंचा होता. त्यांचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन पडायचं, त्याच्या जोरावर तो टिकून होता. पाच वर्षांत त्यांनी एक तारीख चुकवली नव्हती. येलवालहून बस पकडून त्या शटर उघडायच्या आधी पायरीवर हजर असायच्या. फोन नसला तरी ही बाई येणारच, नागेंद्रने विचार केला आणि त्यांच्या नावापुढची खूण काढून टाकली. सरळ झाडं आधी तोडली जातात म्हणतात. तोडणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

पुढच्या महिनाअखेरीस पट्टी पिवळीवर थांबली. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, काउंटरवरच्या स्पंदनाला त्याच्याकडून शीक म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर नागेंद्रला बरं वाटलं. या वयात शाबासकी कोण देतं?

तीन महिन्यांनी, एका मंगळवारी, इंदिराबाई आल्या. मुलाचा, नरसिंहाचा, दंड धरून आल्या. आजवर त्या कुणाला सोबत घेऊन आल्या नव्हत्या. काउंटरची कड त्यांनी हाताने चाचपली.

“काय रे नागू,” त्या म्हणाल्या, “फोनच करेनास. डॉक्टर नाहीत वाटतं म्हणून मी सुम्ने, गप आपली बसले घरात.”

नरसिंह कावला होता. तो म्हणाला, आई ऐकतच नव्हती. दर आठवड्याला मी म्हणतोय चल, तर नागूने सांगितलंय, फोन आल्याशिवाय निघायचं नाही. काल तिने उंबरा समजून भिंतीला पाय मारला, तेव्हा ओढून आणली.

सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी डॉक्टर रजेवर असताना इंदिराबाईंची एक खेप फुकट गेली होती, आणि उन्हातून आलेल्या त्या बाईला पाणी देताना नागेंद्र मायेनं रागावला होता. अक्का, मी फोन केल्याशिवाय घर सोडायचं नाही. त्यांनी त्याची गाठ मारून ठेवली होती. तो विसरला होता.

नागेंद्रने त्यांना सगळ्यांच्या पुढे आत घातलं. बैल गेला आणि झोपा केला. डॉक्टर चैत्रा बराच वेळ तपासत होत्या. मग त्यांनी नरसिंहाला सांगितलं आणि दारात उभ्या नागेंद्रनेही ऐकलं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध रक्त साचून व्रण झाला आहे, आता इंजेक्शनचा उपयोग नाही. कडेकडेचं दिसत राहील. समोरचं दिसणार नाही, ते आता परत यायचं नाही. महिन्यापूर्वी आल्या असत्या तर, असं म्हणून त्या थांबल्या.

नरसिंह औषध आणायला गेला. नागेंद्र इंदिराबाईंच्या शेजारी बाकावर बसला. गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, आणि हेच त्याला सहन होईना.

“अक्का, तुमचा फोन मी बंद केला,” तो म्हणाला. “खर्च कमी करायला सांगितलेलं. तुम्ही कधी चुकत नाही, म्हणून तुमचं नाव काढलं.”

इंदिराबाईंनी मांडीवरची पिशवी चाचपून नीट केली.

“न चुकता यायची म्हणून काढलंस,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं.

मग त्या सावकाश बोलायला लागल्या. म्हणाल्या, शेवटच्या फोनला मी तुला सांगितलं होतं, नागू. दाराची चौकट वाकडी दिसते, यापुढे महिना भरायच्या आधीच येऊ का, डॉक्टरांना विचार म्हटलं. तू हो-नाही काही म्हणाला नाहीस. तुझी सवयच ती. तू कधी मधे बोलत नाहीस, सगळं ऐकून घेतोस. सून भांडली ते सांगितलं, बहीण गोदा गेली तेव्हाही तुलाच सांगितलं. घरात एवढं कोण ऐकतं?

नागेंद्रच्या डोळ्यांपुढे यादीतला तो आकडा आला. दोन मिनिटं. दर महिन्याला दोन मिनिटं ही बाई कुणाशी बोलत होती, ते त्याला आत्ता कळलं. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले.

“तू ऐकत होतास, अल्वा? होतास ना?” त्यांनी विचारलं.

ते माझं रेकॉर्डिंग होतं, एवढंच सांगायचं होतं. चार शब्द. त्यांचा एक डोळा त्याने घालवला होता. आता हेही काढून घ्यायचं?

“हो अक्का,” तो म्हणाला. “ऐकत होतो.”

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू चेहरा त्याच्यावरून बाजूला वळवला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजर ठेवली. तिकडे पाहिलं की कडेने त्यांना नागेंद्र दिसत होता. एवढ्या दिवसांत त्यांनी ते आपलं आपण शिकून घेतलं होतं.

“बारीक झालास रे,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.