दगडाची बाजू

“बाबा, दगड डावीकडून येऊ दे की उजवीकडून? आज ठरवायलाच हवं.”

काचेपलीकडून लेकीने विचारले आणि आवाजवाला हातातला हातोडा तसाच धरून बसला. सिनेमातल्या पावलांचे, दारांचे, मोडतोडीचे आवाज बंद खोलीत करून द्यायचे, हा त्याचा जन्माचा धंदा. खुर्चीची करकर असो की हाड मोडल्याचा आवाज, तो कधी अडला नव्हता. आज मात्र त्याची पाचावर धारण बसली.

सिनेमा लेकीचा, पहिलाच. विषय आईबाबांच्या तरुणपणी शहरात झालेली काळ्या-गोऱ्यांची दंगल. पडद्यावर दगड दिसतच नव्हता. दुकानाची काच फुटत होती आणि आत एक मुलगी उभी होती. डावीकडे काळ्यांची गल्ली, उजवीकडे गोऱ्यांची. दगड ज्या बाजूने आल्याचे ऐकू येईल, दंगल त्या बाजूने पेटवली असे होणार.

गोची अशी, की ते दुकान त्याच्या गोऱ्या सासऱ्याचे होते, आतली मुलगी म्हणजे लग्नाआधीची त्याची बायको, आणि त्या दिवशी तो स्वतः डावीकडे, आपल्या काळ्यांच्या गल्लीत होता. दगड तुमच्याच माणसांनी मारला, असे बायको म्हणायची. तुझ्याच भावांनी, असे तो म्हणायचा. विषय निघाला की घरात अबोला ठरलेला. लेक धड काळी नाही, धड गोरी नाही. दोन्हीकडचे नातेवाईक तिला ‘त्यांच्यावर गेली’ म्हणायचे. आता तिलाच बाजू निवडायला लावायची, हे त्याला पटेना. त्याने बायकोला फोन करून बोलावून घेतले.

ती भांडायच्या तयारीनेच आली. लेकीने तिला तो प्रसंग दाखवला आणि सरळ विचारले, “आई, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास दगड?”



“नाही गं. मी डोळे गच्च मिटले होते. कुठून आला ते आमच्या बाबांनी मागाहून सांगितलं.”

आता तिला कोंडीत पकडायची आयती संधी होती. त्याची जीभ वळवळलीही. पण तो म्हणाला, “मी तरी कुठं पाहिला? मी पळत होतो. गल्लीत सगळे म्हणाले, म्हणून मीही म्हणायला लागलो.”

“मग इतकी वर्षं भांडलात कशावरून?”

दोघांनाही हसू आले. हसता हसता बायकोचे डोळे भरले.

मग ठरले, की दगडाला बाजूच द्यायची नाही. आतल्या मुलीला जे ऐकू आले तेवढेच ऐकवायचे, तिचा श्वास आणि फुटणारी काच. दोन्हीकडचे लोक चिडतील, मला दुसऱ्यांची म्हणतील, असे लेक म्हणाली.

“म्हणू देत,” आई म्हणाली. “तुला सवय आहे.”

काच त्याने एका फटक्यात फोडून दिली. श्वास मात्र काही केल्या जमेना. घाबरलेल्या पोरीचा श्वास या म्हाताऱ्या छातीतून निघणार कसा? शेवटी बायकोलाच माइकसमोर उभे केले. पडद्यावरच्या मुलीने डोळे मिटले, तसे हिनेही मिटले, आणि तिचा श्वास खरोखरच अडखळू लागला. आपला श्वास मध्ये नको म्हणून तो दबकत मागे सरकला. तिने न बघताच त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

काचेपलीकडे लेकीला दोन श्वास ऐकू येत होते. पडद्यावर मुलगी एकटीच होती. लेकीने ध्वनिमुद्रण थांबवले नाही.